डूलॅलीच्या अलीकडचं गाव

इंग्रज माणसाचं डोकं फिरलं की तो म्हणतो, मी 'डूलॅली' झालो. हे डूलॅली म्हणजे आपली देवळाली. नाशिकरोडच्या शेजारची, तोफखान्याची. आमच्या खोडाळ्याहून वैतरणा, घोटी करत नाशिकच्या वाटेला लागलं की जी लागते, तीच. वेड लागलेल्याला पाठवायला आपल्याकडे ठाणे आणि येरवडा ही मान्यताप्राप्त ठिकाणं आहेत. पण साता समुद्रापलीकडच्या शब्दकोशात पाट मांडून बसायचा मान मिळाला तो देवळालीला. ठाणेकरांना याचं वाईट वाटत असणार.

झालं ते असं. 1861 साली इंग्रजांनी देवळालीला लष्करी छावणी टाकली. विलायतेहून आलेला गोरा शिपाई मुंबईला उतरला की आगगाडीनं इथे यायचा आणि इथून त्याची पुढे पाठवणी व्हायची. परतीचा रस्ताही हाच. ज्याची नोकरीची मुदत संपली, त्यानं देवळालीला यायचं आणि जहाजाची वाट बघत बसायचं. आता जहाजं सुटायची ती फक्त थंडीच्या मोसमात. ज्याची मुदत दिवाळीच्या सुमारास संपली तो नशीबवान. ज्याची होळीला संपली, त्यानं पुढच्या दिवाळीपर्यंत देवळालीचं ऊन खायचं. हत्यार जमा झालेलं, कवायत जवळजवळ नाही, काम तर मुळीच नाही. वर ऊन, संध्याकाळी डास, मधल्या वेळेला दारू. महिन्या-दोन महिन्यांत काहीजण बरळायला लागत. मग बाकीचे म्हणत, याला 'डूलॅली टॅप' झालाय. हा टॅप म्हणजे आपला ताप. पुढे ताप उतरला, शेपटाकडचा शब्द गळून पडला आणि नुसतं देवळाली शिल्लक राहिलं. बीबीसीनं 1974 साली या छावणीतल्या नाटकवेड्या शिपायांवर एक विनोदी मालिका काढली आणि ती सात वर्षं चालली. म्हणजे वाट बघणाऱ्यांना बघत साऱ्या ब्रिटननं सात वर्षं काढली.

आता माझं म्हणणं साधं आहे. वाट बघून वेड लागायचं असेल, तर पहिला हक्क खोडाळ्याचा होता. आम्ही एस्टीची वाट बघतो. आम्ही रेंजची वाट बघतो. हातात मोबाइल धरून टेकाडावर उभा राहिलेला माणूस लांबून पाहिलात तर सूर्याला अर्घ्य देतोय असंच वाटेल. आम्ही दाखल्याची वाट बघतो, दाखल्यावर सही करणाऱ्याची बघतो आणि तो आला की त्याच्या शिक्क्याची बघतो. एप्रिल-मे महिन्यात आम्ही टँकरची वाट बघतो. मध्य वैतरणेचं थोरलं धरण आमच्याच मोखाडा तालुक्यात आहे. त्याचं पाणी वाट न बघता थेट मुंबईला जातं. त्याला घाई असते.

पण एवढं करून इथे कुणी डूलॅली झाल्याचं ऐकिवात नाही. गोऱ्या शिपायाला जे जमलं नाही ते इथल्या माणसाला जमलं. तो वाट बघताना गप्प बसत नाही, बोलत बसतो. आणि चार रिकामी माणसं रोज त्याच जागी बसून बोलायला लागली, की त्यांची भाषा हळूहळू अशी होते की पाचव्याला कळू नये.

कसाऱ्याला जाणाऱ्या जीपपाशी जरा वेळ उभे राहा, म्हणजे कळेल.

"भाऊ, कधी सुटणार?"

"ही काय, सुटलीच. दोन सीट कमी आहेत."

या व्यवसायात माणसाला माणूस म्हणत नाहीत, सीट म्हणतात. आत बसलेली असते ती सीट, बाहेर उभी असते तीही सीट. आणि ज्याला शहरातले लोक सीट म्हणतात, म्हणजे ते गादीवजा फाटकं रेक्झिन, त्याला इथे नाव नाही, कारण ते कधी दिसतच नाही. "मावशी, पुढे सरका, एक लेडीज सीट येऊ द्या." "मागच्या दोन सीट विहीगावला उतरणार." "ही बारकी सीट मांडीवर घ्या." बारकी सीट एव्हाना रडत असते. एस्टीचं बिऱ्हाड वेगळं. तिथे मुक्कामी गाडी, डबल बेल आणि लाल डबा. अलीकडे डब्याची लाल परी झाली. बढती नावाला मिळाली, खिडकीची काच आहे तिथेच अडकलेली आहे.

सरकारी कचेरीतल्या बोलीचा तर स्वतंत्र कोश निघेल. 'साहेब व्हिजिटला गेलेत' म्हणजे साहेब आलेले नाहीत. 'साहेब मीटिंगला गेलेत' म्हणजे येणारही नाहीत. नाशिकहून किंवा कल्याणहून रोज ये-जा करणारे 'अप-डाऊन'वाले. त्यांचा अप उशिरा होतो आणि डाऊन लवकर. कागदावर 'वजन' ठेवायचं, ते वाऱ्यानं उडू नये म्हणून नव्हे. आणि देण्याघेण्याला जो सर्वांत लाडका शब्द आहे, चिरीमिरी, तो पाहा: कसं छान यमक जुळलंय! पाप करावं तर मराठी माणसानं, यमकात करावं. गुपित ठेवायची शपथसुद्धा आपण साध्या भाषेत घेत नाही. अळीमिळी गुपचिळी.

इथपर्यंत आलो की लंडनला जावंच लागतं.

लंडनच्या 'सिटी' भागात सेंट मेरी-ल-बो नावाचं चर्च आहे. त्याच्या घंटांचा आवाज ऐकू येईल इतक्या अंतरात जो जन्मला तो अस्सल कॉकनी, अशी तिथली रीत. 1941 साली जर्मन बॉम्बनं त्या घंटा पडल्या, त्या 1961 साली पुन्हा वाजल्या. म्हणजे काटेकोर हिशेब लावला तर मधली वीस वर्षं लंडनमध्ये एकही कॉकनी जन्मला नाही. पोरं होत होती, पण प्रमाणपत्र कुणाच्या नावानं फाडणार? आपल्या जातपडताळणी समितीला हे प्रकरण सहज कळेल.

या लोकांनी, म्हणजे हातगाडीवर फळंभाजी विकणाऱ्यांनी आणि रस्त्यावर ओरडून माल खपवणाऱ्यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला एक अजब बोली चालवली. कशासाठी? कुणी म्हणतं पोलिसाला कळू नये म्हणून, कुणी म्हणतं गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून, आणि मला वाटतं दिवसभर गाडीशी उभं राहून कंटाळा आला म्हणून. युक्ती अशी. म्हणायचंय एक, त्याला यमक जुळणारी जोडी घ्यायची. 'स्टेअर्स' म्हणजे जिना. त्याला जोडी 'ॲपल्स अँड पेअर्स', सफरचंदं नि नासपती. मग खरी गंमत: जोडीतला यमकाचा शब्दच गाळून टाकायचा आणि पहिला तेवढा ठेवायचा. माणूस म्हणतो, मी सफरचंदं चढून वर गेलो. ऐकणारा कपाळाला हात लावतो. 'लुक'साठी 'बुचर्स हुक', त्यातलं उरलं नुसतं बुचर्स. म्हणजे जरा नजर टाकायची तर 'खाटकाचा टाक' म्हणायचं. 'हेड'साठी 'लोफ ऑफ ब्रेड'. डोकं चालव म्हणायच्या जागी पाव चालव. 'लाइज'ला 'पोर्क पाइज', म्हणून खोटं बोलणारा डुकराच्या मांसाचे कानवले सांगतो. आणि बायकोला 'ट्रबल अँड स्ट्राइफ', कटकट नि कज्जा. करीला तिथे 'रूबी' म्हणतात. रूबी मरी नावाची बेलफास्टची गायिका 1950 च्या दशकात गाजली होती, तिचं आडनाव करीशी जुळलं आणि तिच्या कपाळी कायमचा रस्सा आला.

1859 साली जॉन कॅम्डन हॉटन या पुस्तकवाल्यानं या सगळ्या उनाड शब्दांचा कोश छापला. त्यात उलटी बोलीही आहे: 'बॉय'चा 'यॉब'. हा यॉब पुढे इतका मोठा झाला की आज इंग्रजीत गुंड पोराला यॉब म्हणतात. शब्द उलटा केल्यानं पोरगं बिघडतं, याचा हा लेखी पुरावा.

हे वाचल्यापासून मला चैन पडेना. यमक ही काय विलायतेची मक्तेदारी आहे? आपल्याकडे तर चहा मागितला तरी चहाबिहा येतो. मी पालघर जिल्ह्याचा नकाशा घेऊन बसलो, आणि काय सांगू, या जिल्ह्याची आणि शेजारपाजारची गावं अशी काही ठेवलीत की जणू कॉकनी बोलीसाठीच वसवली असावीत.

जव्हार-मोखाडा ही जोडी पाहा. मोखाड्याला यमक काय? खाडा! आता लंडनचा नियम लावा, यमकाचा शब्द गाळा, उरला जव्हार. "आज गुरुजींचा जव्हार आहे" म्हणजे गुरुजी आलेले नाहीत. जव्हारला 1343 पासून मुकण्यांचं राज्य होतं, तिथे राजवाडा आहे. पण इतकी नित्योपयोगी सेवा त्या गावानं आजवर कधी बजावली नव्हती.

इगतपुरी-घोटी. घोटीला खोटी. 'माझी खोटी झाली' म्हणणारा माणूस आजही इकडे भेटतो. तर यापुढे, "काल दाखल्यापायी दिवसभर इगतपुरी झाली."

डहाणू-तलासरी: सासरी. "पोरगी कुठे दिसत नाही, मावशी?" "ती डहाणूला असते, दिवाळीला येईल." वाडा-विक्रमगड: दगड. "याच्या डोक्यात नुसते वाडे भरलेत." हे ऐकून वाड्याचे लोक चिडतील, पण मनातून सुखावतीलही, एवढे वाडे हल्ली असतात कुणाकडे?

पालघर-बोईसर हा माझा सगळ्यांत आवडता. बोईसरला विसर. म्हणजे एखादी गोष्ट विसरली तर तिचा 'पालघर पडला' म्हणायचं. ठाण्यापासून फुटून 1 ऑगस्ट 2014 ला नवा जिल्हा झाला. पालघर समुद्राकडे, आम्ही सह्याद्रीच्या माथ्याशी. तेव्हा इथला माणूस जर म्हणाला, "जिल्ह्याला आमचा पालघर पडलाय," तर त्यात त्यानं तक्रार केली की पत्ता सांगितला, हे कलेक्टरलाही ठरवता येणार नाही.

राहता राहिलं आमचं गाव. कसारा-खोडाळा. खोडाळ्याला यमक सापडलं आणि मी क्षणभर पेन खाली ठेवलं. घोटाळा. गावाची बदनामी नको म्हणून लंडनचा नियम किती सोयीचा आहे पाहा. यमकाचा शब्द गळतो, खोडाळा नामानिराळा राहतो आणि बोल लागतो कसाऱ्याला. "त्या पाणीयोजनेत मोठा कसारा झाला म्हणे." कसाऱ्याला रेल्वे आहे, लोकल आहे, त्यांनी एवढं सोसावं. सूर्यमाळ आणि देवबांधला मात्र मी हात लावला नाही. एक थंड हवेचं ठिकाण, दुसरीकडे गणपती. पर्यटक आणि दैवत, दोघांचीही नाराजी परवडत नाही.

तुम्ही म्हणाल, असली चोरबोली मराठीला नवी आहे. मुळीच नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा, 1857 ची आवृत्ती, हॉटनच्या दोन वर्षं आधीची. त्यात 'नंदभाषा' असा शब्द आहे: सराफ, दलाल, व्यापारी यांची आपापसातली बोली, आणि तिचे आकडेसुद्धा साहेबानं टिपून ठेवलेत. केवली म्हणजे एक, अवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच, शेली सहा, पवित्र सात, मंगी आठ, तेवसू नऊ, अंगुळू दहा. वीसाला काटी, शंभराला बिटी, हजाराला ढकार. रुपयाला भुरका! व्यापाऱ्याच्या तोंडी रुपया कसा जातो ते याहून नेमकं कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. आणि हजार पोटात गेले की ढकार, म्हणजे ढेकरच आला की.

कल्पना करा, दोन दुकानदार, समोर धोतराचं पान निवडत उभं असलेलं गिऱ्हाईक. एक म्हणतो, "मुळू सांग, पोकूला सोड." गिऱ्हाईक समजतं, यांच्या पोरांची नावं असतील, मुळू जरा वांड दिसतोय. तेवढ्यात पाच भुरके सांगून चार भुरक्यांना सौदा पटलेला असतो आणि पोकूच्या बापाला आनंद झालेला असतो.

ज्यांना बोलण्याचाही भरवसा नव्हता त्यांच्यासाठी करपल्लवी होती. गुरांच्या बाजारात आजही पाहायला मिळते: दोन माणसं उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबत उभी असतात, तोंडं दोन दिशांना, चेहरे असे की जणू काही ओळखच नाही. बैल मध्ये उभा असतो. त्याची किंमत त्याच्या पाठीवर ठरते आणि त्याला कळत नाही. बाजाराला आलेल्या त्रयस्थाला वाटतं, दोघांपैकी एकजण तरी नाडी बघतोय.

पोरांची च-ची भाषा तर तुम्हीही बोलला असाल. पहिलं अक्षर शेवटी ढकलायचं आणि रिकाम्या जागी च बसवायचा. 'काय झालं?' चयका चलंझा? खोडाळ्याचं चडाळाखो होतं. पूर्वी शाळेत ही भाषा मास्तरांपासून लपवायला वापरत, मास्तरही लहानपणी तीच बोललेले असत, आणि दोन्ही बाजू हे माहीत नसल्याचं सोंग घेत. शिक्षणपद्धतीत एवढा समजूतदारपणा नंतर आला नाही.

पण कॉकनीला खरा जवाब आपल्या बायकांनी दिलाय. तिकडे नवरा बायकोचं नाव यमकात घालून लपवतो, आणि वर तिला कटकट म्हणतो. इकडे बायको नवऱ्याचं नाव यमकात घालून उघड करते. यमक तिकडे पडदा, इकडे दार. नवऱ्याचं नाव उच्चारायचं नाही हा दंडक. मग तिनं त्याच्यापुढे एक अख्खी ओळ उभी केली आणि नाव त्या ओळीच्या मागून हळूच आत आणलं. ओळीत काहीही चालतं. 'विहीगावच्या वळणावर एस्टी झाली पंक्चर, अमुकरावांचं नाव घेते, ऐका हो कंडक्टर.' यात अमुकरावांचा पंक्चरशी काही संबंध नाही. तो नसतोच. उखाण्यात नवऱ्याला कसल्याच गोष्टीला जबाबदार धरत नाहीत, हा त्याचा एकमेव सुखाचा प्रसंग.

आणि यमक आता जुन्या बायकांपुरतं उरलेलं नाही. मुंबईच्या टपोरी बोलीत लाखाला पेटी आणि कोटीला खोका म्हणत. 2022 साली विधानभवनाच्या पायऱ्यांवरच्या घोषणेत त्या खोक्याला 'ओके' हे यमक मिळालं आणि गुप्त बोलीतला शब्द रातोरात शेंबड्या पोराच्या तोंडी गेला. चोरबोलीचं मरण असंच येतं. सगळ्यांना कळली की ती गेली. धंदेवाल्यांना नवी शोधावी लागते. त्यांनी ती शोधली असणार.

इंग्रज आणि आपण यांच्यातली शब्दांची अदलाबदलही सरळ व्यवहारानं झालेली नाही. त्यांनी विलायतचं 'ब्लायटी' केलं, देखोचं 'डेक्को' केलं, चिठ्ठीची 'चिट' फाडली. आपण सोडतो काय? पहारेकरी अंधारात ओरडायचा, 'हू कम्स देअर?' आपण त्याचं 'हुकुमदर' केलं. कोण येतंय हा प्रश्न होता, त्यात आपल्याला हुकूमच ऐकू आला. सवय. आणि साहेबाचा 'टंबलर', ज्यातून तो संध्याकाळी व्हिस्की घ्यायचा, त्याचं आपण टमरेल केलं आणि पहाटे कुठे नेलं ते सांगत नाही. दीडशे वर्षांच्या गुलामगिरीचा एवढा शांत आणि अहिंसक सूड दुसरा नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. शॉनं 'पिग्मॅलियन'मध्ये कॉकनी बोलणारी फुलवाली उभी केली, पुलंनी तिची 'ती फुलराणी' केली, 1975 साली भक्ती बर्व्यांनी ती अशी रंगवली की लोक आजही त्याच फुलराणीबद्दल बोलतात. दोन्हीकडे प्राध्यापक तिची भाषा सुधारतो. प्राध्यापकाला पंधरा दिवस हातगाडीवर उभं करून त्याची भाषा कुणी सुधारत नाही. आमच्याकडे देशावरून नवे गुरुजी येतात, वारली आणि कोकणा घरातल्या पोरांचं बोलणं पहिल्या दिवशी 'अशुद्ध' म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यांना प्यायचं पाणी कुठे मिळेल हे विचारायचं असतं, जवळपास फक्त पोरंच असतात, आणि तिसऱ्या दिवसापासून गुरुजींची भाषा सुधारू लागते.

म्हणून ही जव्हार-मोखाडा बोली मी शाळेतूनच सुरू करावी म्हणतो. पोरं चटकन उचलतील, धोकाही काही नाही. समजा पावसाळ्याचे दिवस आहेत, घाटात दरड आली आहे, गुरुजी अप-डाऊनमधल्या डाऊनलाच अडकलेत आणि नेमकी त्याच दिवशी तपासणी आली. साहेब जीपमधून उतरतात, बुटाचा चिखल पायरीला पुसतात आणि पहिल्या बाकावरच्या पोराला दरडावतात, "गुरुजी कुठायत?"

पोरगं उभं राहतं, हाताची घडी घालतं आणि अगदी खरं सांगतं. "गुरुजींचा जव्हार आहे, सर."

"कालपण?"

"कालपण जव्हारच होता."

साहेबांची मुद्रा सैल होते. खडूची पूड झटकून ते खुर्चीवर बसतात, शेरेबुक पुढे ओढतात आणि वळणदार अक्षरात लिहितात: 'मुख्याध्यापक दोन दिवस जव्हार येथे. प्रवासभत्ता देय.'